मंत्र्याचा कोट

७ नोव्हेंबर

आणलाच शेवटी पोटावर पाय! दुपारी मशिनं बंद करून सगळ्या बायकांबरोबर रेडिओवर अर्थसंकल्प ऐकला. निम्मं भाषण साखरेवर, निम्मं रस्त्यांवर, आणि मध्येच, घासात केस यावा तसा आमचा विषय. बाहेरच्या देशात पाठवायचे कपडे शिवणाऱ्यांना परदेशी कापडावर आयातकर माफ होता. आता तो माफ फक्त दोनशेच्या वर मशिनं असतील त्यांना. आमच्याकडे साठसुद्धा नाहीत. अख्ख्या लौटोका शहरात, बेटाच्या या बाजूला, कोणाकडेच नाहीत. दोनशे मशिनं आहेत ती तिकडे राजधानीत, सुव्हाच्या एकट्या मोठ्या कारखान्याकडे. मग त्याचं नावच घ्यायचं होतं की सरळ, लाज कसली!

कर भरून शर्ट शिवला तर मेलबर्नच्या शाळांना तो चीनच्या शर्टाहून महाग पडणार. मग घेणार कोण? हेडमास्तरचा बाप?

भाषणाला एक शेपूटही होतं. इथल्या मूळ लोकांच्या गावांनी सहकारी मंडळ काढलं तर त्यांनाही माफी, व्यापारमंत्र्यांच्या मर्जीनुसार. गावांत कुठे आलेत कारखाने! गावांत एक चर्च आणि एक रग्बीचं मैदान. निवडणुकीसाठी लावलेलं शेपूट आहे ते.

८ नोव्हेंबर

जानेवारीच्या शाळेच्या शर्टांचं कापड धक्क्यावर येऊन पडलंय. कर भरा नि घेऊन जा, म्हणतो तिथला कारकून. कर भरला तर पगार कुठून देऊ?

११ नोव्हेंबर

सकाळी सकाळी महाबीर. भाऊ धाकटा, पण बोलतो आजोबासारखा. म्हणे, "दिदी, सुव्हाचा मालक मशिनं घ्यायला तयार आहे. आज जो भाव देतोय तो महिन्याभरानं देणार नाही." मी विचारलं, आणि बायका? तर म्हणे, मशिनं घेतोय तो, बायका कशाला घेईल. चहा न देता वाटेला लावला. यात त्याची दलाली किती ते काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

त्यात उनाइसी! शिलाईच्या लाइनची मुख्य ती, इथल्या मूळ लोकांतली. मी गॅरेजात एका मशीनवर शिवत होते तेव्हापासूनची. आज येऊन सांगते, मॅडम, गावाकडचा मामा वारला, गुरुवारी सात जणी जातो. गेल्या वर्षीही मामाच वारला होता. किती मामा आहेत या बाईला! मी नाही म्हटलं. ती हसली आणि गुरुवारची बस ठरवायला गेली. तिला नाही म्हणणं म्हणजे समुद्राला नाही म्हणणं.

रागाच्या भरात नव्या पोरीच्या सहा कॉलर परत केल्या. टोकं गोल आली होती. कॉलरचं टोक टोकच असलं पाहिजे, बोटाला लागलं पाहिजे. "उसव. पुन्हा घाल." पोरगी रडली. रडू दे. माझ्या कॉलरीवर हा कारखाना उभा राहिलाय, मंत्र्यांच्या भाषणांवर नाही.

साखरेच्या गिरणीची काजळी आज फार. वाळत घातलेल्या साडीवर काळे ठिपके.

१४ नोव्हेंबर

व्यापारमंत्री मंगळवारी लौटोकात येतोय, कसल्याशा पुलाची फीत कापायला. त्याच्या कचेरीत चार फोन केले, चौथ्याला हो म्हणाले. दुपारी अर्धा तास आमच्याकडे. शेजारच्या बा गावातल्या फारूखभाईंनी कालच कारखान्याला कुलूप लावलं. फोनवर म्हणाले, सुभागबेन, तू बोल आमच्याही वतीने. बोलते ना. तोंड कशाला दिलंय देवानं.

१८ नोव्हेंबर

झाली शोभा.

सगळं ठरवून केलं होतं. एपेली, म्हणजे आमचा कटिंग मास्तर, यांगोनाची, म्हणजे त्यांच्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाची, वाटी देऊन रीतसर स्वागत करणार. मग मी बोलणार. मग जेवण: कोंबडीचा रस्सा, रोट्या, दालोचे उकडलेले कंद, नारळाच्या दुधातली पालेभाजी. पहाटेपासून राबले. नवी साडी नेसले.

मंत्री आला. चांगला गलेलठ्ठ. वर काळा कोट, खाली लुंगीसारखा सुलू, पायात चकचकीत चपला. वाटी घेतली, टाळ्या वाजल्या, मी बोलायला उभी राहिले. साहेब, म्हटलं, छोट्या कारखान्यांनी या देशाचं नाव मेलबर्नपर्यंत नेलंय. एवढंच! एवढंच बोलले, आणि मागून आवाज आला —

"अरे, हे पोट बघा! आमच्या गावची डुकरं खाऊन वाढलेलं पोट आहे हे!"

उनाइसी. मशीनवरून उठून, कात्री गळ्यात लटकवून, थेट पुढे. मंत्र्यानं तिच्याकडे पाहिलं. गाव कुठलं, विचारलं. तिनं सांगितलं. आणि तो माणूस असा हसला की खुर्ची करकरली.

दोघांची गावं तौवू. दोन्ही गावांचा पूर्वजदेव एकच. म्हणजे एकमेकांना वाटेल ते बोलावं, वाटेल ते उचलून न्यावं, आणि समोरच्यानं रागवायचं नाही. मागितलं तर नाही म्हणायचं नाही. रागावला तर त्याचीच लाज जाते. आपल्यात जिजा-सालीची थट्टा असते, यांच्यात अख्खी गावंच्या गावं करतात.

मग काय! तुझ्या आजोबाला आमच्या आजीनं झाडूनं हाकललं होतं, तू कोणत्या तोंडानं आलास? ऊठ, ही खुर्ची माझी. तो उठला. ती बसली. त्याच्या पानातलं कोंबडीचं तंगडं उचलून खाल्लं. हा कोट दे. त्यानं काढून दिला, तिनं घातला, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. गाडी दे. घे, म्हणाला. कापडावरचा कर दे आमच्या गावाला. घे, म्हणाला. बायको दे, माझ्या भावाचा स्वयंपाक करायला. तीही घे, म्हणाला, पण परत आणायची नाही. बायका हसून हसून मशिनांवर आडव्या. एपेली डोळे पुसतोय. मंत्र्याच्या माणसानं घड्याळ दाखवलं, आणि सगळी वरात गेली. माझं भाषण तसंच राहिलं. नमस्कार करायलाही कोणी माझ्याकडे वळलं नाही.

संध्याकाळी उनाइसीला बोलावलं. म्हणे, "मॅडम, हसला तो. हसलेला माणूस आपला असतो." मला शिकवते! इथेच जन्मले, इथेच जाळतील मला, तौवू काय ते मला माहीत नाही होय? पण थट्टा लग्नात करावी, मयतीत करावी. माझ्या कारखान्याच्या जिवावर कशाला?

१९ नोव्हेंबर

पेपरात फोटो. कोटाशिवाय मंत्री आणि कोट घातलेली उनाइसी. खाली कारखान्याचं नाव, तेही चुकलेलं. कराबद्दल एक ओळ नाही.

२१ नोव्हेंबर

काढली तिला.

सकाळी मंत्र्याच्या कचेरीत फोन केला, आमच्या अर्जाचं काय झालं? कारकून म्हणाला, दोनशे मशिनं नाहीत, माफी नाही. नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, साहेबांशी बोलू द्या, ते येऊन गेलेत आमच्याकडे. तर तो फिस्सकन हसला. "हां, हां! साहेबांचा कोट गेला तो कारखाना ना तुमचा?" आणि पलीकडे कुणाला तरी सांगितलं, आणि तिकडे सगळे हसले. हसताना ऐकलं मी त्यांना. वीस वर्षं शर्ट शिवले आणि सुव्हात ओळख काय, तर कोट!

लाइनसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, उनाइसी, मंत्र्याचा कोट घाल आणि घरी जा. परत येऊ नकोस. तिला वाटलं चेष्टा. मग माझा चेहरा बघितला. कात्री ठेवली, मशीनवर कापड झाकलं, पिशवीतून कोट काढला आणि खरंच घातला, एवढ्या उकाड्यात. तशीच बसस्टँडकडे चालत गेली. एकही बाई मशीन सुरू करेना. मला दोनदा ओरडावं लागलं.

बरं केलं. दहादा करीन.

२४ नोव्हेंबर

एपेली माझ्याशी बोलत नाही. मीही त्याच्याशी बोलत नाही.

२८ नोव्हेंबर

जुनं उरलेलं कापड संपलं. निम्म्या बायकांना घरी बसवलं. उनाइसीच्या जागेवर नव्या पोरीला बसवली, तिला लाइन आवरत नाही. एक म्हणते बाही नाही आली, दुसरी म्हणते मी केव्हाच दिली. उनाइसी असती तर नुसती एक शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून अशी वाजवायची की चर्चमधली कबुतरं उडायची. फार राग यायचा मला त्या शिट्टीचा.

मेलबर्नहून शर्टवाली बाई फोनवर. गोड बोलते मेली. "आम्हाला तुमची अडचण समजते, पण शाळा तर जानेवारीत उघडणार." यांचंच सरकार आम्हाला सांगायचं, भीक नका मागू, व्यापार करा. करतोय की! व्यापार करायला लागलो तर आता म्हणे जरा स्वस्त करा. जहाज वीस डिसेंबरचं. तोवर माल धक्क्यावर हवा, नाहीतर ऑर्डर चीनला.

महाबीरचा पुन्हा निरोप. सुव्हाच्या मालकानं भाव उतरवलाय.

३ डिसेंबर

आज एपेली बोलला. कटिंगच्या टेबलावर पेपर पसरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, आधी त्यांच्या भाषेत आणि मग माझ्याकडे बघत आमच्या भाषेत.

कापडावरच्या कराची पहिली खास माफी एका गावच्या महिला सहकारी मंडळाला. मंडळ आठवड्यापूर्वी स्थापन झालंय. अध्यक्ष: उनाइसी.

खाली फोटो. मंत्री सही करतोय, हसतोय. शेजारी ती, कोट घालून!

सुव्हाला गेली होती. मंत्र्याच्या दाराशी चपराशानं अडवलं, तर म्हणाली, हा कोट ओळखतोस? तुझ्या साहेबाचा आहे. साहेब मला अजून एक वस्तू देणं लागतो. आत जाऊन म्हणाली, तू घे म्हणालास, मी घ्यायला आले. गाडी आणि बायको पुढच्या खेपेला. सगळं पेपरात छापलंय, लोक चवीनं वाचताहेत. तौवूला नाही म्हणता येत नाही, आणि शेपूट तर सरकारनं स्वतःच लावून ठेवलेलं. मंत्र्यांची मर्जी!

माझ्याकडे कारखाना आहे, माफी नाही. तिच्याकडे माफी आहे, सुईसुद्धा नाही. आणि मी तिला काढलंय. चारचौघांत, नाव घेऊन.

जेवण गेलं नाही.

४ डिसेंबर

महाबीर म्हणतो, "दिदी, तिला थोडे पैसे दे आणि मंडळाच्या नावावर कापड सोडव." अक्कल गहाण टाकलीय यानं! उनाइसी पैसे घेईल? माझ्या हातून पाणी घ्यायची नाही ती आता.

बायका नव्या पोरीला विचारत होत्या, उनाइसी गावात कारखाना काढणार का, आम्हाला घेईल का. मला बघून गप्प झाल्या. माझ्याच कारखान्यात मला बघून गप्प!

५ डिसेंबर

एपेलीला विचारलं. म्हटलं, माफी मागायची तर कशी मागतात तुमच्यात? जणू मला माहीत नाही. त्यालाही कळलं की मला माहीत आहे. तो म्हणाला, ताम्बुआ लागेल. म्हणजे देवमाशाचा दात. तो पुढे ठेवून माफी मागितली की समोरच्यानं घ्यायचा की नाही, एवढंच उरतं. घेतला की विषय संपला, पुन्हा काढायचा नाही.

गहाणवटीच्या दुकानात मिळाला. दुकानदारानं आधी एक लहानसा दाखवला, पिवळा पडलेला. म्हटलं, एवढा राग एवढ्याशा दातानं जाईल होय? मग आतून मोठा काढला. आईच्या बांगड्या दिल्या त्याच्या बदली. महाबीरला सांगितलेलं नाही.

७ डिसेंबर

जाऊन आले.

एपेलीच्या मेव्हण्याच्या ट्रकमधून, डोंगरापलीकडे. रस्ता कसला, खड्डेच. मागे यांगोनाच्या मुळ्यांची जुडी, कसाव्याच्या कंदांची गोणी. एपेलीनं वाटेत बजावलं, तिथे तू बोलायचं नाही, मी बोलणार. मी म्हटलं, मी काय मुकी आहे? तो म्हणाला, "मुकी असतीस तर यावं लागलं नसतं." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला तू म्हणाला.

तिच्या मामाच्या घरात खालच्या दाराशी, चटईच्या कडेला बसवलं आम्हाला. मामा म्हणजे जिवंत असलेला एक तरी निघाला. मान खाली. वर तिची माणसं. उनाइसी सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. खिळ्याला कोट टांगलेला. कोणी पाणी विचारलं नाही. माझे गुडघे काही आता असे दुमडत नाहीत. पण हलले नाही. माशी नाकावर बसली तरी हलले नाही.

एपेलीनं दात दोन्ही हातांत धरला. फार वेळ बोलला. निम्मं मला कळलं. म्हणाला, ही बाई तोंडाची फाटकी आहे. हिला लाज आहे, पण ती जरा उशिरा येते. हिनं तुमच्या लेकीला लोकांसमोर घालवलं, आता तुमच्यासमोर मातीत बसलीय. आमच्याकडे द्यायला दुसरं काही नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं होतं सगळं.

मामानं उनाइसीकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. बाहेर पोरं चेंडू खेळत होती, त्यांचा आरडाओरडा आत येत होता. मला वाटलं, संपलं. परत न्यायचा हा दात, आणि सोमवारी मशिनं सुव्हाला.

मग तिनं मान हलवली. मामानं दात घेतला. टाळ्या, पोकळ हातांच्या, तीनदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं पुसलं नाही, कारण मान खाली होती, कोणाला दिसत नव्हतं.

नंतर चहाच्या वेळी ती येऊन शेजारी बसली. म्हणाली, "तू काढलं नसतंस तर सुव्हाला जायला रजा कुठली मिळणार होती मला? मामा मेला तरी देत नव्हतीस."

तीही तू म्हणाली. आज सगळ्यांनी ठरवलंच होतं.

८ डिसेंबर

तिच्या अटी. त्या ऐकायला आज पुन्हा डोंगरापलीकडे, तिच्या गावी. कारखाना मंडळाच्या नावावर, अर्ध्याहून जास्त. नाहीतर ती माफी आमच्या कापडाला लागत नाही, सरकारचा माणूस येऊन तपासणार आहे. एवढं मला माहीत होतं, तेवढं मनाशी धरून गेले होते. उरलेला भाग माझा, नफ्यातला वाटा माझा. ठीक.

पण पुढे म्हणाली, लाइन मी चालवणार. शिट्टी माझी. मालकिणी दोन झाल्या की होडी खडकावर चढते, मी बघितलंय. मी विचारलं, मग मी काय करू? घरी बसून काजळी झाडू? ती म्हणाली, तुझ्यासारखी कॉलर कोणाला येत नाही. कॉलरवर बस.

वीस वर्षांनी पुन्हा मशीनवर! मी उठून ट्रकमध्ये जाऊन बसले. एपेलीनं ट्रक सुरू केला नाही. बसून राहिला, किल्ली हातात घेऊन.

महाबीर रात्री फोनवर. म्हणे, त्यापेक्षा वीक, हातात पैसे तरी येतील, मानानं राहशील. मान! त्या सुव्हाच्या माणसाला मशिनं विकून मिळणारा मान मला नको. उद्या तोच ती मशिनं भंगारात काढेल, त्याला फक्त आम्ही बंद पडायला हवे आहोत. आणि त्या बायका जातील कुठे? हे महाबीरला सांगितलं नाही. फोन ठेवला.

९ डिसेंबर

सही केली. पेन चालत नव्हतं, एपेलीचं घेतलं.

१० डिसेंबर

कापड सुटलं! धक्क्यावरचा तोच कारकून, तोच शिक्का. उनाइसीला खुर्ची दिली, मला उभं ठेवलं. वीस तारखेचं जहाज गाठायचं तर रविवार धरून सगळे दिवस शिवावं लागेल. पण चर्च ती सोडायची नाही. मीही विचारलं नाही.

११ डिसेंबर

शिट्टी वाजली, सगळी मशिनं एकदम सुरू झाली. दुपारपर्यंत तीस कॉलर लावल्या. चष्मा घामानं घसरत होता. एक परत आली. उनाइसीनं माझ्यासमोर टाकली, टोकावर बोट ठेवलं. गोल आलं होतं. म्हणाली, "सुभाग, उसव. पुन्हा घाल."

उसवली. पुन्हा घातली.